सांजेचा चौघडा

सह्याद्रीच्या एका लांबट सोंडेवर सातविणगड उभा होता. तीन बाजूंना तुटलेले कडे, चौथ्या बाजूला घोड्याच्या पाठीसारखी अरुंद वाट आणि त्या वाटेच्या माथ्यावर महादरवाजा. वैशाखातल्या त्या पहाटे दरीत अजून अंधार साचून होता, पूर्वेकडचा भैरवाचा डोंगर नुकता कुठे राखेच्या रंगाचा होऊ लागला होता आणि पायथ्याशी पसरलेली शेरअंदाजखानाची छावणी आपल्या राहुट्यांत गुरफटून पडली होती, तेव्हा महादरवाज्यावरच्या नगारखान्यातून सोमा घडशानं चौघडा वाजवला. खाली छावणीतली घोडी फुरफुरली. वर गडावर बायकांनी डोळे उघडले आणि आजही आपण आहोत असं म्हणून पुन्हा क्षणभर मिटून घेतले.

बादशहाचं लष्कर दख्खनेत उतरून वर्षं लोटली होती. राजा दूर कर्नाटकात होता, आणि मुलखातले गड एकामागून एक जात होते. काही तोफांनी, बरेचसे तोफांवाचून. सातविणगड होळीच्या आधीपासून वेढ्यात होता. टाक्यांतलं पाणी हिरवं झालं होतं, अंबारखान्याच्या तळाशी नाचणीचा कोंडा तेवढा उरला होता, पण चौघडा चुकला नव्हता. पहाटे, माध्यान्ही आणि सांजेला तो वाजायचाच. चौघडा वाजतो म्हणजे किल्लेदार गडावर आहे आणि गड त्याच्या मुठीत आहे, हे वरच्यांना कळे तसंच खालच्या शत्रूलाही कळे. किल्लेदाराचा प्राण गेला तर मात्र चौघडा मुका व्हायचा. नगाऱ्यांवर काळी घोंगडी पडायची आणि नवा किल्लेदार उंबऱ्याची शपथ घेईपर्यंत ती कुणी उचलायचं नाही. मढं घरात असताना नौबत झडणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर थुंकणं, असं तिथले लोक मानत.

किल्लेदार हैबतराव काटकर सदरेमागच्या खोलीत तापानं फणफणले होते. तोफेच्या गोळ्यानं बुरुजाचा चिरा फुटून त्याची कपची त्यांच्या मांडीत शिरली होती आणि गडावरच्या उकाड्यानं, गडावरच्या पाण्यानं ती जखम नासली होती. उशाशी त्यांची बायको म्हाळसाबाई बसली होती. झोप अशी तिला कित्येक दिवसांत लागलीच नव्हती.

"म्हाळसा," हैबतराव म्हणाले. डोळे मिटलेलेच होते.

"जी."

"सांजेचा चौघडा नको आज."

तापलेल्या डोक्याला नगाऱ्याचा आवाज सोसत नसेल, असं तिला वाटलं. "नाही वाजणार. सोमाला निरोप धाडते."

"शब्द?" त्यांनी हात पुढे केला. तो हात चुलीतून काढलेल्या विटेसारखा गरम होता.

"शब्द," ती म्हणाली आणि आपला हात त्यात ठेवला.

त्यानंतर ते बोलले नाहीत.

थोड्या वेळानं पारू आंबिलीचं वाडगं घेऊन आली. पारू म्हाळसाबाईंच्या माहेरची. पाठराखीण म्हणून आली आणि गडावरच्या एका मावळ्याशी लग्न करून इथलीच झाली. तिची नात चिमी अजून अंगावर पिणारी होती आणि पारूच्या सुनेला दूध उतरत नव्हतं. पण पारूचं तोंड वेढ्यातही बंद झालं नव्हतं.

"खानाकडं बकरं कापलंय आज," ती वाडगं ठेवत म्हणाली. "वास थेट तटापर्यंत येतोय. मी म्हटलं सगळ्यांना, नाकं वर करा आणि जेवून घ्या. मुडद्यांनो, फुकटचं आहे."

म्हाळसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बोटानं आंबिलीवरची साय बाजूला केली आणि हैबतरावांच्या ओठांना लावली. ओठ हलले नाहीत.

माध्यान्हीचा चौघडा संपतो न संपतो तोच पूर्वेच्या बुरुजावरून पहारेकऱ्यानं आरोळी ठोकली. माणसं तटाकडे धावली. म्हाळसाबाईंनी खिडकीतून पाहिलं. भैरवाच्या डोंगरामागून धूर निघत होता. एक नव्हे, दोन. शेजारी शेजारी, सरळ आभाळात चढणारे. वेढा पूर्ण आवळला जाण्याआधी गडावरून शेवटचा जासूद निसटला, तेव्हा ठरलं होतं: घाटावरचं पथक मदतीला निघालं की भैरवाच्या डोंगरावर दोन धूर करायचे. तटावर कुणी रडत होतं, कुणी उड्या मारत होतं.

ती वळली आणि नवऱ्याच्या कानाशी वाकली. "ऐकलंत का? धूर दिसला. दोन धूर."

हैबतरावांचा श्वास एकदा अडला, मग सुटला, मग पुन्हा आलाच नाही. त्यांनी ऐकलं की नाही, हे म्हाळसाबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

ती तशीच बसून राहिली. आंबिलीवर पुन्हा साय धरली होती, तिच्यावर एक माशी बसली. ही माशी हाकलायला हवी, असं तिच्या मनात आलं. पण हात उचलला गेला नाही. आपण आता मोठ्यानं ओरडायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. आपल्या आईनं ओरडलेलं तिला आठवत होतं. पण छातीत कुणीतरी ओली माती भरून ठेवावी तसं झालं होतं.

दार सरकवून विठोजी आत आला. हैबतरावांचा धाकटा भाऊ. म्हाळसाबाई लग्न होऊन काटकरांच्या घरी आली तेव्हा तो दुधाच्या दातांचा होता, आणि सासू लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. आता कड्याच्या बेचक्यातून उतरणाऱ्या छुप्या वाटेवरची गडाची चोरदिंडी त्याच्या पहाऱ्यात होती. त्यानं भावाकडे पाहिलं आणि पायांवर डोकं टेकलं. बराच वेळ त्याची पाठ हलत राहिली. मग त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

"वहिनी, बाहेर सांगायला हवं."

"सांगू."

"सांज व्हायच्या आत सांगायला हवं."

म्हाळसाबाईंनी मान वर केली. या पोराला खोटं बोलता येत नाही, हे तिला त्याच्या दुधाच्या दातांपासून माहीत होतं. "सांज व्हायच्या आत का, भाऊजी?"

विठोजीनं नजर दाराकडे वळवली.

"यांनी मरताना माझ्याकडून शब्द घेतला, सांजेचा चौघडा नको म्हणून. मला वाटलं डोकं दुखतंय. तुम्हीही सांजेचंच बोलताय. काय आहे आज सांजेला?"

विठोजीनं दार लावून घेतलं आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला, लहानपणी चूक सांगायला बसायचा तसाच.

"दादांनी खानाला शब्द दिलाय. आज सांजेला चौघडा वाजणार नाही, आणि तो मुका राहिला की चोरदिंडी उघडी असेल. खानाचे लोक निमूट वर येतील. कुणावर हत्यार चालणार नाही, बायकामुलांना घाटापर्यंत वाट मिळेल, अन्न मिळेल. खानानं बेलरोटी पाठवली. आपला बेल, त्याची रोटी, दोन्ही धर्मांना साक्ष ठेवून. मी दोर टाकून खाली गेलो आणि घेऊन आलो."

"फितुरी," म्हाळसाबाई म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या तोंडून कुणा परक्याचं नाव घ्यावं तसा आला.

"फितुरी म्हणू नका, वहिनी. दादांनी स्वतःसाठी त्यातलं काही मागितलं नाही. खान जहागीर देत होता, ती त्यांनी परत धाडली. जखमी व्हायच्या आधी टाक्यावर तुक्या मावळ्याचं पोर गेलं, ते दादांनी स्वतः उचललं होतं. त्या सांजेला मला म्हणाले, विठू, मी दगडांचा किल्लेदार आहे की माणसांचा?"

"आणि धूर? आज दोन धूर दिसले."

"वैशाखात डोंगर जळतातच. वणवा असेल."

"दोन होते."

"वारा फुटला की एकाचे दोन दिसतात." त्याचा आवाज खाली आला. "आणि धूर खराही असेल. पण शब्द धुराच्या आधीचा आहे. दादांनी बेल उचलून दिलाय. आता ते गेले. मेलेल्या माणसाला आपला शब्द बदलता येत नाही. आपण बदलायचा का त्यांच्यासाठी?"

बाहेर पोरं "धूर, धूर" म्हणून नाचत होती. म्हाळसाबाईंनी नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण उगाच नीट केलं.

"चौघडा वाजला तर?" त्यांनी विचारलं.

"तर खानाचे लोक झाडीतून परत फिरतील. मी दिंडी उघडणार नाही. ठरलं तसंच. दादांचा शब्द चौघड्यावर आहे, दिंडीवर नाही." त्यानं तिच्या हातांतल्या बांगड्यांकडे पाहिलं. "आणि चौघडा आता तुमच्या हातात आहे. बांगड्या फोडल्यात की तो आपोआप मुका होईल. कुणाला संशय यायचा नाही. दादांचा शब्दही राहील, नावही राहील."

"आणि वाजला तर तुमचं काय?"

विठोजी किंचित हसला. "बेलरोटी मी आणली. तिच्यामागे जामीन म्हणून माझी मान लिहून आलोय. शब्द मोडला तर मी खाली जायचं."

"कोण येतंय तुम्हाला न्यायला? खान कड्यावर चढून येणार आहे?"

"वहिनी, तो भोवरा आठवतो?"

तिला आठवला. सात-आठ वर्षांच्या विठोजीनं घडशाच्या पोराला आपला लाखेचा भोवरा देईन म्हणून सांगितलं होतं आणि मग द्यायचं टाळलं होतं. म्हाळसाबाईंनी त्याला भर दुपारी, तापलेल्या फरशीवरून अनवाणी पिटाळलं होतं. तो रडत गेला, भोवरा देऊन आला, आणि त्या सांजेला तिनं त्याच्या पायांना लोणी चोळलं होतं.

"तुम्हीच पाठवलं होतंत," विठोजी म्हणाला.

पुढचा वेळ कसा गेला, हे म्हाळसाबाईंना नंतर कधी नीट आठवलं नाही. काही तुकडे तेवढे राहिले. विठोजी भिंतीला टेकून बसला होता. ऊन खिडकीच्या चौकटीवरून जमिनीवर आलं, जमिनीवरून पलंगाच्या खुरावर चढलं. आणि तिला मधूनच ती सकाळ दिसत राहिली, हैबतरावांना किल्लेदारीची वस्त्रं मिळून ते दोघं प्रथम गडावर आले ती. महादरवाज्याच्या उंबऱ्यावर पूजा मांडली होती. "जिवात जीव असेतो हा उंबरा परक्याला ओलांडू देणार नाही," असं हैबतरावांनी भटजींमागून म्हटलं, आणि प्रत्येक धर्मकार्यात बायको नवऱ्याच्या हाताला हात लावून पुण्याची वाटेकरीण होते, तसा तिनं त्यांच्या मनगटाला आपला हात लावला होता. मनगटावरचे केस ओले होते. तिला हसू आलं होतं, आणि त्यांनी डोळ्यांनीच दटावलं होतं.

"भाऊजी," ती एकदम म्हणाली, "बेल उचलला तेव्हा यांच्या हाताला कुणाचा हात होता?"

"कुणाचाच नाही. तुमच्यापासून लपवायचं होतं. तुम्ही तयार झाला नसतात."

"उंबऱ्याच्या शपथेला माझा हात होता. तो शब्द दोघांचा होता. दुसरा त्यांचा एकट्याचा."

"आणि आजचा? मरताना दिलेला?"

तिनं आपल्या उजव्या तळव्याकडे पाहिलं. तो अजून गरम आहे असं तिला वाटत होतं, आणि तो गरम नाही हेही तिला कळत होतं.

ती उठली. कोनाड्यातला करंडा काढला. कपाळावर मेण लावलं, त्यावर कुंकू रेखलं; रोज रेखायची त्याहून मोठं, आरशात न बघता. हा हात आपला नाही, असंच तिला वाटत होतं. विठोजीनं ते पाहिलं आणि काय ठरलं ते त्याला कळलं. तो उठून उभा राहिला, कमरेची तलवार सोडून देवघराच्या पायरीशी ठेवली आणि वाकून वहिनीच्या पायांना हात लावला.

"औक्षवंत व्हा," ती म्हणाली. आयुष्यभराची सवय होती, तोंडातून निघून गेलं.

मग विठोजी म्हणाला, "दादांना एकटं ठेवू नका," आणि गेला.

सांज उतरायला लागली तेव्हा म्हाळसाबाई नगारखान्याच्या पायऱ्या चढल्या. रोज सदरेवरचा हुजऱ्या येऊन किल्लेदारांची आज्ञा सांगायचा आणि मगच टिपरी उचलायची, असा शिरस्ता होता. आज प्रत्यक्ष किल्लेदारीण आलेली पाहून सोमा घडशी गडबडून उठला. त्याच्यामागे सनईवाला आणि झांजवाला होते. त्यांना तिनं खाली जायला सांगितलं.

"आईसाहेब, आपण?"

"किल्लेदारांची आज्ञा घेऊन आलेय. वाजव."

सोमानं तिच्याकडे पाहिलं. गडावरच्या कितीतरी बारशांना, कितीतरी मयतांना त्यानं माणसांचे चेहरे बघितले होते. त्यानं टिपऱ्या हळूच खाली ठेवल्या.

"आईसाहेब, माझा बाप इथंच बसायचा. आजा इथंच बसायचा. आमच्या घराण्यानं कधी मढ्यावर नौबत झडली नाही."

"कुणाचं मढं?"

त्याची नजर कोपऱ्यातल्या घडी घातलेल्या काळ्या घोंगडीकडे गेली.

"माझ्या कपाळाकडे बघ, सोमा."

"बघितलं, आईसाहेब."

"काय आहे?"

"कुंकू."

"मग?"

म्हाताऱ्याचे ओठ हलले. "मग किल्लेदार आहेत." आणि लहान पोरानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "वर गेल्यावर बापाला काय सांगू?"

"सांग, म्हाळसेनं खोटं सांगितलं आणि तू तिच्यावर विश्वास ठेवलास. पाप माझं."

"तसं नाही वाटून घेता येत, आईसाहेब," सोमा म्हणाला. "पण वाजवतो."

त्यानं नगाऱ्याला हात लावून कपाळाला लावला, टिपऱ्या उचलल्या, आणि चौघडा झडला. आवाज कड्यांवर आपटून परत आला, दरीत उतरला, छावणीवरून पलीकडच्या रानात गेला. त्या गजरात म्हाळसाबाई हंबरडा फोडून रडल्या असत्या तरी कुणाला ऐकू गेलं नसतं. त्यांनी तेही करून बघितलं. तोंड उघडलं. काही आलं नाही. त्या तोंड मिटून झरोक्यातून खाली पाहत राहिल्या.

चोरदिंडीखालच्या करवंदीच्या जाळ्या हलल्या. माणसं होती. ती एकेक करून मागे सरकली आणि उतारावरून छावणीकडे वळली. थोड्या वेळानं, सगळे गेल्यावर, त्याच वाटेनं एकटा माणूस उतरताना दिसला. पांढरं पागोटं होतं, हातात काही नव्हतं. तो सावकाश चालत होता, पावलाखालचे दगड निसटू नयेत इतक्या जपून. घरी कुणीतरी वाट बघतंय असा माणूस चालतो तसा.

दिंडीवरचा नाईक धावत वर आला. "बाईसाहेब, घात झाला! विठोजीराव खानाला मिळाले. स्वतः आगळ काढून बाहेर गेले."

"तू अडवलं नाहीस?"

"त्यांनाच कसं अडवू? आणि जाताना..." तो गोंधळला. "जाताना मला म्हणाले, मागनं आगळ नीट लाव रे, नेहमी अर्धी लावतोस."

"मग लावलीस का नीट?"

"लावली जी."

"बरं केलंस," म्हाळसाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर खानाचा हेजीब, त्याचा वकील, चार माणसांनिशी दिंडीखाली आला. त्यांनी एक डोली जमिनीवर ठेवली. तिच्यात स्वच्छ कापडात गुंडाळलेला विठोजी होता. मान धडाला जोडून नीट बांधली होती, आणि छातीवर एक वाळकी भाकर आणि तिच्यावर बेलाचं पान ठेवलं होतं. हेजिबानं वर बघून खणखणीत आवाजात सांगितलं, "खानसाहेबांनी किल्लेदारसाहेबांची अमानत किल्लेदारसाहेबांना पोचती केली आहे." मग तो डोलीकडे वळून लवून कुर्निसात करून गेला.

तटावरच्या मावळ्यांत हशा पिकला. "फितुराला खानानंसुद्धा ठेवून घेतलं नाही!" एक म्हणाला. दुसरा म्हणाला, "भाकर दिली की वाटेला खायला!" तो कुर्निसात कुणासाठी होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

नाईकानं विचारलं, "काय करायचं बाईसाहेब? गडावर घ्यायचं नाही म्हणतात लोक."

ती एक शब्द बोलली असती तर विठोजीला चंदनाची नाही तरी चिपाडांची चिता मिळाली असती. पण तो शब्द आत झाकून ठेवलेल्या दुसऱ्या देहावर जाऊन पडला असता. आणि तो देह अजून जिवंत असायला हवा होता, निदान भैरवाच्या डोंगराकडून कुणी येईपर्यंत.

"लाकूड नाही गडावर," ती म्हणाली. "दगड आहेत. दिंडीबाहेर दगड रचा वर."

लोकांनी हौसेनं रचले. पुढे रिवाज पडला: चोरदिंडीतून जाणाऱ्या-येणाऱ्यानं फितुराच्या नावानं एक दगड टाकायचा.

हैबतरावांचा देह तिनं, पारूनं आणि सोमानं मिळून रिकाम्या तूपटाकीत उतरवला. तिथे दगडाचा गारवा होता. कडुलिंबाचा पाला आणि गडावर उरलंसुरलं होतं ते सगळं मीठ त्यांच्यावर पसरलं. किल्लेदार आजारी आहेत, कुणाला भेटत नाहीत, असं सदरेवर सांगितलं. पहाटे, माध्यान्ही, सांजेला म्हाळसाबाई स्वतः आज्ञा घेऊन नगारखान्यात जात आणि चौघडा वाजे. रोज न्हाऊन त्या कुंकू रेखत. रोज अळणी कोंड्याची पेज लोकांच्या पंगतीत बसून घेत, कारण किल्लेदारीण जेवली नाही तर लोक बोलले असते. गिळताना त्यांना चव लागत नसे, आणि लागत नाही याचं काही वाटतही नसे.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी चिमी उठलीच नाही. पारूनं तिला लुगड्यात गुंडाळून नेलं आणि पुरून आली. आल्यावर हात धुतले आणि नेहमीप्रमाणे म्हाळसाबाईंची वेणी घालायला बसली.

"पारू," म्हाळसाबाई म्हणाल्या, "चौघडा वाजला नसता तर..."

"केस हलवू नका," पारू म्हणाली. "गुंता होतो."

त्यापुढे तिनं गडावर कधी थट्टा केली नाही. रागावलीही नाही.

आणि मग एका पहाटे, सोमाचा चौघडा वाजत असतानाच, छावणीच्या पिछाडीला आरडाओरड उठली. राहुट्या पेटल्या. घाटावरचं पथक रात्रभर रान तुडवून आलं होतं. खानाची फौज बेसावध सापडली. दुपारपर्यंत तिनं तळ उचलला आणि ती खिंडीकडे हटली. महादरवाजा महिन्यांनंतर उघडला. पथकाचे म्होरके निंबाजीराव धुळीनं माखलेले वर आले. सगळा गड दरवाज्याशी लोटला होता.

म्हाळसाबाई उंबऱ्याच्या आत उभ्या राहिल्या. हातात ताट होतं, ताटात गडाच्या किल्ल्या.

"किल्लेदार कुठं आहेत?" निंबाजीरावांनी विचारलं.

"या किल्ल्या घ्या आधी. गड आपल्या माणसांच्या हाती दिला, असं म्हणा."

त्यांनी किल्ल्या घेतल्या आणि तसं म्हटलं. मग म्हाळसाबाईंनी पदराचं टोक घेतलं आणि सगळ्यांसमोर कपाळ पुसलं. मेणासकट कुंकू निघालं नाही, पसरलं. दोनदा पुसावं लागलं.

"किल्लेदार गेले," त्या म्हणाल्या.

"केव्हा?"

"दोन धूर दिसले त्या दुपारी."

गर्दीतून कुणीतरी बाईमाणसाच्या आवाजात "अगं बाई!" म्हणालं. सगळ्यांनी मनातल्या मनात दिवस मोजले.

निंबाजीरावांनी मुंडासं काढून हातात घेतलं. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्यांनी विचारलं, "कसला धूर?"

"भैरवाच्या डोंगरावरचा. तुमची खूण."

"आम्ही धूर नाही केला, वहिनीसाहेब. आम्ही तिकडनं आलोच नाही. तुमचा जासूद आमच्यापर्यंत पोचलाच नाही. वाटेतच पडला असेल. गड अजून झुंजतोय हे आम्हाला रानातल्या धनगरांनी सांगितलं. म्हणाले, सांजेला चौघडा ऐकू येतो."

म्हाळसाबाईंनी मान हलवली. ताट रिकामं झालं होतं, तरी त्या ते तसंच धरून उभ्या होत्या. पारूनं येऊन ते हातातून काढून घेतलं.

हैबतराव काटकरांना चंदनाची चिता मिळाली. मरेपर्यंत गड न सोडणारा किल्लेदार म्हणून त्यांच्या नावाची समाधी तटाजवळ बांधली, तिच्यासमोर दिव्याची सोय झाली, आणि आसपासच्या गावांत नव्या शिलेदाराला त्या समाधीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावू लागले. सोमा घडशानं त्या पहाटेनंतर टिपरीला हात लावला नाही. हात उचलत नाही म्हणायचा, पण पाण्याची घागर त्याच हातानं उचलायचा. त्याचा मुलगा, तोच भोवरेवाला, वाजवू लागला.

आणि म्हाळसाबाईंबद्दल पाणवठ्यावर जे बोलणं सुरू झालं ते पुढे त्यांच्या मरणापर्यंत चाललं. नवऱ्याचं मढं घरात ठेवून जिनं रोज कुंकू रेखलं, पंगतीत बसून पेज प्याली, चौघडा वाजवून घेतला, तिला बायको म्हणावं का? सवाष्णी हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्या दारावरून जाताना पदर सावरून घेत. गड राखला हे खरं, असं एखादी म्हणायची. पण बाईची निष्ठा वेगळी असते गं, असं दुसरी म्हणायची, आणि पहिली गप्प बसायची. म्हाळसाबाईंच्या कानावर हे येई. त्यांनी कधी खुलासा केला नाही. खुलाशाला लागणारा पहिला शब्द समाधीच्या पायातला दगड होता.

भाद्रपदात, पितृपंधरवड्यातल्या विठोजीच्या तिथीच्या आसपास, म्हाळसाबाई वर्षातून एकदा चोरदिंडीतून बाहेर पडत. पावसानं वाट निसरडी झालेली असे. पारू हात धरायची. दगडांचा ढीग दरवर्षी वाढलेला असे, त्यावर शेवाळ धरलेलं असे. आधीचे दोन-तीन दगड त्या बाजूला करत, ओटीतून नाचणीच्या भाकरीचा तुकडा आणि बेलाचं पान काढून आतल्या पोकळीत सरकवत, आणि ते पान दिसू नये म्हणून वर एक दगड ठेवत.

दिंडीवरचे पहारेकरी हे वरून बघत. नव्या पोरांना दाखवून सांगत, "बघ, किल्लेदारीण. सख्खा दीर, पण फितुरी केली म्हणून म्हातारपणीसुद्धा दगड टाकायला चुकत नाही. याला म्हणतात इमान."

आवाज खाली ऐकू यायचा. म्हाळसाबाई पारूचा हात धरून वर चढू लागायच्या. दिंडीतून आत आल्यावर मागे वळून नाईकाला म्हणायच्या, "आगळ नीट लाव रे. नेहमी अर्धी लावतोस."